तिथं नाव घ्यायचं नाई

टेंभीच्या धरणात एक जागा आहे. तिथं बोलायचं नाई. नाव तर कोणाचंच घ्यायचं नाई.

हे मले पहिल्याच दिवशी समजलं. सांगणारी बाई माझ्याकडं पाहत पण नव्हती. डोक्यावर गवताचा भारा घेऊन शेडच्या दारात उभी होती आणि भारा खाली ठेवायले तयार नव्हती.

"माही पोरगी पाठवतो मी," नलूबाई म्हणाल्या. "शिकवा काय शिकवाचं थे. पन तिथं थे बोलन नाई. तुमी तिले बोलाले लावू नका."

"कुठं तिथं?" मी विचारलं.

त्यांनी हनुवटीनं दाखवलं. हात उचलला नाई. मी पाहिलं. धरणाच्या मधात, पलीकडच्या टेकडीच्या थोडं अलीकडं. तिथं पाणीच होतं. बाकीच्या पाण्यासारखंच पाणी.

मी निशांत. पिपरी मेघेचा. डिप्लोमा अर्धा सोडला, मंग घरी बसून मोबाइलवर व्हिडिओ पाहून पाहून लाकडाची बोट बनवायचं शिकलो. काऊन शिकलो, मले पण माहीत नाई. आमच्या कॉलनीत लोक विचारत, "काय रे, धाम नदीत जहाज सोडतो का?" धाम नदीत उन्हाळ्यात म्हशीचं पोट ओलं होत नाई.

पण अच्युत सर हासले नाई. सर मालवाहू जहाजावर होते, अख्खी नोकरी समुद्रात गेली. रिटायर होऊन आमच्याच गल्लीत राहायले आले. सकाळी फिरायले जात तेव्हा गेटापाशी, गाड्यांवर, ओट्यावर पोरं मोबाइलमध्ये मुंडी घालून बसलेली दिसत. एक दिवस मले म्हणाले, "निशांत, या वयाच्या पोराला अभ्यास कर म्हणून काही होत नाही. त्याच्या हातात असं काम द्यायचं, की चुकला तर पाय ओले होतील."

म्हणून कारंज्याच्या पुढचं टेंभीचं धरण. काठावर टिनाचं शेड. रविवारी रविवारी पोरं येत. अर्धी पिपरी मेघेतून माझ्यासोबत गाडीत, अर्धी नव्या टेंभीतून पायी. नवी टेंभी म्हणजे धरणात गेलेल्या जुन्या टेंभीचे लोक जिथं वसवले ती वस्ती.

पहिले दोन महिने पाण्यात पाय पण नाई. प्लायवुड कापा, घासा, चिकटवा, गाठी शिका. बोट तयार झाली, शीड लावलं, पाण्यात सोडली, आणि चारी सांध्यांतून पाणी आत. सरांनी तिच्यासाठी एक चांगलं भारदस्त नाव काढून ठेवलं होतं. पण धनंजयनं तिथंच तिचं बारसं केलं. "सर, हे तं चाळणी आहे!" तेच नाव राह्यलं. नंतर सांधे पक्के झाले, पाणी यायचं थांबलं, तरी ती चाळणीच.

धनंजय नव्या टेंभीचा. अकरावीत होता, कॉलेजात कमी आणि हायवेच्या ढाब्यावर जास्त. त्यानंच मले नीट सांगतलं त्या जागेचं.

"धरन भराच्या आधी लोकायनं सगळे झाडं तोडले, दादा. आपलंच लाकूड, पान्यात कायले घालवाचं? पन पिंपय कोनी नाई तोडला. मुंजाचा होता नं थो. पोरगं मेलं होतं म्हनते, मुंज झाली अन् लग्नाच्या आधी गेलं. थो पिंपयावर राह्याचा. पिंपय तसाच उभा बुडाला."

"म्हणजे आता पाण्यात आहे?"

"आहे न. उभाच्या उभा. अन् एकटा आहे. वरून जाताना बोललं का त्याले ऐकू जाते. नाव घेतलं का थो नाव धरून ठेवते. मंग बोलावते."

"बोलावलं का कोणाले आतापर्यंत?"

"कोनी नावच नाई घेतलं तं बोलावन कसा?" धनंजय मोठ्यानं हासला. पण हासताना त्यानं पण तिकडं पाहिलं नाई.

मासे धरणारे तिथून जाताना इंजिन बंद करत आणि वल्हं हळूच टाकत. टेंभीची पोरं तिथं आली की गाणं मधातच थांबवत. हे सगळं सरांले चालत होतं. बोटीवर तसंही नाव घेऊन कोणी बोलत नाई, कामाचं नाव घेते. सुकाणू. शीड. पुढची. "सुकाणू, डावीकडं!" "डावीकडं, हो!" ऐकलं की तेच मोठ्यानं परत बोलायचं, म्हणजे समोरच्याले समजते की ऐकू गेलं. सरांनी पोरांच्या डोक्यात हे ठोकून ठोकून बसवलं होतं. हजेरी पण शेडमध्येच घेत, पाण्यावर नाई, नलूबाईसाठी.

एकच गोष्ट सरांले चालत नव्हती. पुढची, म्हणजे नाकावर बसून समोर काय आहे ते ओरडून सांगणारी, गप्प बसलेली.

आणि पुढची होती वर्षाली. नलूबाईची पोरगी.

वर्षाली नववीत गणितात नापास झालेली. शाळेत जाणंच सोडून दिलं होतं तिनं. आईनं आमच्याकडं पाठवली तरी पहिले पहिले मैत्रिणीसोबत नुसती बसून पाहे. मंग एक दिवस तिनं वारा पाहिला. मी म्हणतो पाहिला, कारण आमच्यातल्या कोणालेच तो दिसला नव्हता. "दादा, तिकडून येऊन राह्यला," ती म्हणाली, आणि जरा वेळानं शीड फाटकन भरलं. पाण्यावर बारीक काळी सुरकुती येते, ती तिले सगळ्यांच्या आधी दिसे. सरांनी तिले तेव्हाच बोटीच्या नाकावर बसवलं. दोन महिन्यांत ती कागदावर कोन काढून वाऱ्याचं गणित मांडे आणि शाळेतल्या सरांले जाऊन विचारे की हे असं काऊन होते. शाळा परत सुरू झाली, ते कोणी सांगतलं म्हणून नाई.

तिले एक गोष्ट पाहिजे होती आणि तिनं ती कधी लपवली नाई. सरांच्या ओळखीची एक शाळा आहे समुद्राच्या काठावर. जहाजावर कामाले जायचं त्याची पहिली पायरी म्हणा. दर उन्हाळ्यात ते आमच्यासारख्या ठिकाणाहून एक पोर निवडत. एकच.

"दादा, समुद्राचा दुसरा काठ खरंच नाई दिसत?" तिनं मले विचारलं होतं.

"नाई दिसत."

"मंग मले थेच पाह्याचं आहे."

सर तिले सरळ बोलले. "तू सगळ्यांत चांगली आहेस. पण पुढच्याचं काम डोळ्यांचं नाही फक्त, तोंडाचं आहे. दिसलं आणि बोलली नाहीस, तर दिसून उपयोग काय? परीक्षक येतील त्या दिवशी तू त्या जागेवर गप्प बसलीस, तर मी तुझ्यासाठी शब्द टाकू शकणार नाही."

"बाकी सगळीकडं बोलीन सर."

"खडक बाकी सगळीकडं नसतो, बाळा."

ती नखानं लाकडाचा भुसा खरडत बसली.

संक्रांत झाली. कालव्याले गव्हासाठी पाणी सुटलं आणि धरण उतरायले लागलं. काठावर गाळाची पट्टी रोज रुंद होत गेली. कुठं जुन्या घराचा पाया वर आला, कुठं विहिरीचा काठ. पोरं त्यावर उभी राहून फोटो काढत. टेंभीचे म्हातारे येत, पाहत, जात. मासे धरणाऱ्यांनी तिकडचा रस्ताच बदलला, लांबून वळसा घालून जाऊ लागले. मी विचारलं तर म्हणाले, "पानी पातय झालं तिथलं." एवढंच.

त्या रविवारी चाळणीत तिघं होते. धनंजय सुकाणूवर, वर्षाली पुढं, आणि शिडाच्या दोरीवर मिहिर.

मिहिर आमच्या कॉलनीतला, दहावीचा. आई चारुताबाई बँकेत, बाप प्रोफेसर. पहिल्या दिवशी त्याले चप्पल काढून गाळात पाय टाकायची पण भीती वाटत होती. आता शिडाची दोरी दुसऱ्या कोणाले देत नव्हता. त्याले त्या जागेचं सांगतलं होतं सगळ्यांनी. त्याले गोष्ट आवडली होती. पण गोष्ट माहीत असणं वेगळं आणि अंगात असणं वेगळं.

मी रबरी बोटीत मागं होतो, इंजिन चालू. सर काठावर. वारा पश्चिमेकडून होता, चांगला, आणि मंग एकदम लय चांगला. चाळणी वाकली आणि सुसाट सुटली. मिहिर ओरडून राह्यला होता, आनंदानं. धनंजयनं टेकडीचा अंदाज धरून नेहमीसारखा वळसा घेतला. पण पाणी उतरलेलं, काठ सरकलेला, अंदाज चुकला.

मले लांबून वर्षाली दिसत होती. ती एकदम ताठ झाली. तिचा हात वर गेला, सरळ, पंजा उघडा.

हात. आवाज नाई.

शीड मधात होतं. मागं बसलेल्या धनंजयले हात दिसणं शक्यच नव्हतं. आणि आवाज आला नाई म्हणजे समोर काही नाई, असंच आम्ही त्यांले शिकवलं होतं.

बोटीच्या पोटातून खाली एक फळी उतरवतात, वाऱ्यानं बोट आडवी सरकू नये म्हणून. ती फळी पिंपळाच्या फांदीत बसली. चाळणी धावता धावता जागच्या जागी उभी राह्यली. मिहिर उडून पुढं पडला, बोट त्याच्या अंगावर लवंडली, आणि ओलं शीड पाण्यावर सतरंजीसारखं पसरलं. मिहिर त्याच्या खाली.

धनंजय बोटीच्या पाठीवर लटकला होता. वर्षाली पाण्यात, एका काळ्या फांदीले धरून. दोघांचं तोंड बंद. मी इंजिन पूर्ण जोरात सोडलं होतं तरी पोहोचत नव्हतो. शिडाखाली एक टेंगूळ दिसे, सरके, थांबे. ते मिहिरचं डोकं होतं. लाइफ जॅकेट माणसाले वरच ढकलते. कापडाच्या खाली अडकला तर ते त्याले कापडालेच चिकटवून ठेवते, बुडी मारून बाहेर येऊ देत नाई. अशा वेळी बाहेरच्यानं हाक मारायची, सतत, म्हणजे आतल्याले समजते की कोणत्या बाजूले सरकायचं. हे पण आम्हीच शिकवलं होतं.

टेंगूळ उलट्या बाजूले सरकून राह्यलं होतं.

आणि वर्षालीनं हाक मारली.

"वर्षाली!" ती ओरडली. "वर्षाली! वर्षाली! वर्षाली!"

मले वाटलं पोरगी घाबरून वेडी झाली. स्वतःच्याच नावानं ओरडत होती, गळ्याच्या शिरा ताणून. टेंगूळ थांबलं. वळलं. आवाजाच्या दिशेनं यायले लागलं. तिनं शिडाची कड वर उचलली, आणि मिहिर बाहेर आला, निळा, खोकत. मी तेव्हा पोहोचलो.

मी तिघांले घेऊन परत निघालो. मिहिरचे दात वाजत होते, तेवढाच आवाज.

काठावर सर गुडघाभर पाण्यात उभे होते. त्यांच्या मागं नलूबाई. विळा हातातच. त्या कालव्याकडून धावत आल्या होत्या. त्यांनी पोरीले हात लावला नाई, कुठं लागलं का विचारलं नाई.

"मी आयकलं," त्या म्हणाल्या. "तिथून आयकू आलं."

"आई, दुसरं कोनाचं नाव घेऊ?" वर्षाली म्हणाली. "तो आत होता. त्याचं घेतलं असतं तं?"

तेव्हा मले समजलं. हाक मारणं तर भाग होतं. मिहिरचं नाव तिले तिथं द्यायचं नव्हतं. म्हणून तिनं स्वतःचं दिलं.

नलूबाई खाली बसल्या, गाळातच. जरा वेळानं उठल्या तेव्हा आवाज एकदम साधा होता. "आजपासून हिले धोंडी म्हनाचं. घरी बी, शाळेत बी, इथं बी. वर्षाली कोनी म्हनाचं नाई."

"नलूबाई, अहो असं..." सर बोलायले गेले.

"सर. तुमी तिले बोलाले सांगतलं. थे बोलली. आता मी सांगतो थे आयका."

सरांनी मान खाली घातली.

मिहिरच्या घरच्यांनी त्याचं धरणावर येणं बंद केलं. चारुताबाई मले गल्लीत भेटल्या तेव्हा एवढंच म्हणाल्या, "निशांत, तुझ्यावर राग नाही. पण परत विचारू नको." तरी मिहिर येत राह्यला. एसटीनं, घरी न सांगता. शेडमध्ये बसून दोऱ्या गुंडाळे. पाण्याच्या जवळ जात नव्हता.

"दादा, एक विचारू?" एकदा तो म्हणाला. "मी खाली होतो न, तेव्हा तिचं नाव दोन्हीकडून येत होतं."

"टेकडीवरून आवाज परत येते. प्रतिध्वनी."

"हो, तेच असंल." त्यानं गाठ घातली, सोडली, परत घातली. "एक वरून येत होतं. आणि एक खालून. मी आधी खालच्याकडं चाललो होतो."

मी त्याले म्हटलं, पाण्यात आवाजाची दिशा समजत नाई. हे खरं आहे, मी वाचलं आहे.

बाकी पोरांले नव्या नावाची मजा वाटली. "ए धोंडे, चहा आन वं!" धनंजय चिडवे. "तुह्या बापाचं हाटेल आहे काय बे?" ती उलटून बोले. पण मी पाहून राह्यलो होतो. कोणी चुकून वर्षाली म्हटलं, तर ती वळत नव्हती. आणि मानेवरचे केस उभे राहत तिचे. दिसत.

आमच्याकडच्या प्रत्येक जॅकेटवर पाठीमागं पोराचं नाव पेंटनं लिहिलं होतं, मोठ्या अक्षरात. तिनं तिचं घालायचं बंद केलं. मयुरी नावाची पोरगी मिहिरच्या जागी शिडावर आली होती, तिचं जादाचं घाले.

होळी झाली आणि पिंपळ पाण्याच्या वर आला. शेंडा आधी, मंग फांद्या. काळा ठिक्कर, एक पान नाई, आणि तरी सडलेला नाई. त्याच्यावर पाखरू बसलेलं मी पाहिलं नाई. पाणकावळे बाकी सगळ्या खुंटांवर बसत.

नलूबाई एका सकाळी शेडवर आल्या. हातात नारळ. "थ्या नावाचं जॅकेट द्या," त्या म्हणाल्या. "अन् मले तिथं घेऊन चाला."

"जॅकेट कायले?"

"नाव तिनं देऊन टाकलं. मंग थे त्याच्याजवळ पोहोचवून देलं पाह्यजे. अर्धं इकडं अर्धं तिकडं ठेवलं तं थो राह्यलेलं मागाले येईन."

सरांले मी विचारलं नाई. रबरी बोटीत बसवलं त्यांले. आयुष्य धरणाच्या काठावर गेलं, पण पाण्यावर त्या पहिल्यांदा येत होत्या. दोन्ही हातांनी काठ धरून, डोळे मिटून. जवळ आल्यावर मी इंजिन बंद केलं. आता गप्प.

त्यांनी नारळ पाण्यात सोडला. मंग जॅकेट फांदीले बांधलं. गाठ साधीच पडली, आपण पोत्याचं तोंड बांधतो तशी. मले दिसलं. ही गाठ आम्ही पहिल्याच रविवारी पोरांले दाखवतो, कशी नाई बांधायची ते सांगायले. ओली झाली आणि ओढ बसली की सुटते.

आणि त्याच्याच मागं दुसरी गोष्ट ध्यानात आली. लाइफ जॅकेट बुडत नाई. बुडू नये म्हणूनच ते असते. पाणी चढलं की ते वर यायले त्या गाठीले ओढन, रात्रंदिवस ओढन.

मी तोंड उघडलं. नलूबाईंनी माझ्याकडं पाहिलं. मी तोंड बंद केलं.

परत येताना त्यांनी मागं पाहिलं नाई, पाहायचं नसते म्हणे. मी पाहिलं. भगवं जॅकेट फांदीवर बसलं होतं, खांदे पाडून, पाठ आमच्याकडं करून. काठावर आल्यावर त्यांचा चेहरा इतका मोकळा झाला होता, कितीतरी दिवसांनी. गाठीचं मी सांगतलं नाई.

परीक्षेच्या दिवशी समुद्राकाठच्या शाळेतून इला मॅडम आल्या. उन्हानं रापलेल्या, कमी बोलणाऱ्या. गळ्यात दुर्बीण, हातात भोंगा. सरांनी त्यांले बोटीचं सांगतलं, कामाच्या नावांचं सांगतलं. बाकीचं कसं सांगणार होते? मले वाटते त्यांले स्वतःचीच लाज वाटली असंल.

नलूबाई माझ्या बाजूले उभ्या. मिहिर शेडच्या खांबाले टेकून.

चाळणी निघाली. धनंजय, मयुरी, आणि पुढं ती. मॅडमनी मुद्दाम सांगतलं होतं की त्या उघड्या झाडाच्या बाजूनं जाऊन या, अडथळ्याजवळ पोरं काय करतात ते मले पाहायचं आहे.

वारा बरा होता. बोट पिंपळाजवळ जाऊ लागली. नलूबाईंनी माझं मनगट धरलं.

"झाड, डावीकडं!" पाण्यावरून आवाज आला. स्वच्छ. खणखणीत. "फांदी पान्याखाली! सुकाणू, उजवीकडं!"

"उजवीकडं, हो!"

ती बोलली. तिथं, त्याच जागेवर. सरांनी डोळे पुसले, उघड उघड. नलूबाईंची बोटं माझ्या मनगटात रुतली, पण त्या पण काही बोलल्या नाई. बोटीसाठी बोलली होती, नाव कोणाचं घेतलं नव्हतं.

मॅडम दुर्बिणीतून पाहत होत्या. "छान," त्या म्हणाल्या. आणि मंग, "पण तो मुलगा कोण? झाडावर बसलाय तो?"

सरांनी माझ्याकडं पाहिलं.

"जॅकेट आहे मॅडम ते," मी म्हणालो. "अडकलं आहे."

"अच्छा. त्याच्यावर नाव आहे की." त्यांनी दुर्बीण फिरवली, हातातला कागद पाहिला. "हिचंच दिसतंय." आणि आम्ही काही करायच्या आत त्यांनी भोंगा तोंडाले लावला. "वर्षाली! हजेरी दे! वर्षाली!"

भोंग्याचा आवाज पाण्यावरून गेला, पिंपळावरून गेला, टेकडीवर आपटला आणि परत आला. लय हळू परत आला. वर्षाली.

चाळणी झाडाच्या अगदी जवळ होती. शीड एकदम ढिलं पडलं. वारा गेला होता. ती नाकावर बसली होती, ताठ, समोर पाहत. तिच्यापासून हाताच्या अंतरावर ते जॅकेट.

"ऐकू येत नाही का तिला?" मॅडम म्हणाल्या. "बोटीवर हाक मारली की उत्तर आलंच पाहिजे. सर, हे तर पहिलं असतं."

नलूबाई माझ्या कानाजवळ पुटपुटत होत्या, "बोलू नको माय. बोलू नको. नको बोलू."

मी त्या पोरीकडं पाहत होतो. दोन महिने तिनं कोन काढले होते कागदावर. दुसरा काठ नसलेलं पाणी तिले पाहायचं होतं. एक शब्द बोलायचा होता फक्त. हाजर.

मॅडमनी परत भोंगा उचलला. तेव्हा अच्युत सर पुढं झाले, आणि त्यांनी तो त्यांच्या हातातून काढून घेतला. सरळ काढून घेतला. मी सरांले असं काही करताना कधी पाहिलं नव्हतं.

"पुढची!" सर भोंग्यात ओरडले.

"पुढची, हाजर!" लगेच आलं तिकडून.

वारा यायले जरा वेळ लागला. पण आला. चाळणी वळली.

काठावर उतरल्यावर मॅडमनी तिले समोर उभं केलं. "नावानं हाक मारली तेव्हा उत्तर का नाही दिलंस?"

"मॅडम, थे नाव इथं माहं नाई."

"मग कोणाचं आहे?"

ती आईकडं पाहून म्हणाली, "तिथं ठेवलं आहे."

मॅडम तिच्याकडं पाहत राहिल्या. मंग सरांकडं, मंग नलूबाईंकडं. समुद्राकाठच्या बाईले काही गोष्टी सांगाव्या लागत नसतील. "मला झाड दिसल्याची हाक वेळेवर हवी होती," त्या म्हणाल्या. "ती मिळाली." निघताना त्यांनी झाडाकडं दुर्बीण लावली नाई.

जागा तिलेच मिळाली.

परवा मी तिले कारंज्याच्या स्टॅण्डवर सोडायले गेलतो. सर सोबत जाणार होते, ते तिकीट पाहायले गेले. नलूबाई चिवड्याची पिशवी बॅगेत कोंबून राह्यल्या होत्या आणि मधात मधात सांगत होत्या, "फोन करजो धोंडे. जेवत जाजो. पान्यात पाह्यत नको बसजो." एवढ्या आनंदात मी त्यांले कधी पाहिलं नव्हतं.

गाडी लागली. ती खिडकीत बसली, आईचं ध्यान नाई पाहून मले जवळ बोलावलं.

"दादा, आईनं गाठ कोनती मारली तिथं?"

मी तिकिटाच्या खिडकीकडं पाहिलं.

"सांगा नं."

"साधी," मी म्हटलं. "पोत्याची."

तिनं मान हलवली. आमच्याकडं शिकलेली पोरगी होती ती. खिडकीच्या गजावर बोटांनी ती गाठ हवेतच बांधली, ओढली, सोडली.

"मंग सुटन थे," ती म्हणाली. "पानी चढलं का. मंग थो नाव मागाले येईन."

"मी जाऊन पक्की बांधू का?"

"नोका जाऊ." तिनं पटकन माझा हात धरला. "तुमी नोका जाऊ दादा. तुमचं नाव बी लिवलं आहे तुमच्या जॅकेटवर."

गाडी हायवेले लागली, ट्रकांच्या मधात गेली. नलूबाई हात हलवत राह्यल्या, गाडी दिसेनाशी झाली तरी.

काल मी शेड बंद करायले धरणावर गेलो. जॅकेट तिथंच आहे. पिंपळ आता बुडापर्यंत उघडा पडला आहे. वारा सुटला की जॅकेटचे पट्टे हलतात, कोणी काठावरच्या माणसाले बोलावते तसे. शेडले कुलूप लावायच्या आधी मी पेंटचा डबा काढून माझ्या जॅकेटवरचं नाव खोडलं. मंग बाकीच्या पोरांचं पण.

पाणी चढायले अजून वेळ आहे.